काळ्या कोटावरचं वार्निश

शामरावमामा वार्निशचा डबा काखोटीला मारून आमच्या मागच्या सोप्यात आले, तेव्हा मी हौसाबाईच्या डोळ्यांत बाहुल्या घालत होते. हौसाबाई म्हणजे शाडूची हौसाबाई, माझ्या अंगठ्याएवढी. खरी हौसाबाई, आमच्याकडं धुणंभांडी करणारी, तेव्हा आमच्या घरी यायची बंद झाली होती.

मामा म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा. मुलगा कोल्हापूरचा, पण मामा आमच्याच तासगावचे, आणि स्थळ त्यांनीच आणलेलं. त्यामुळं साखरपुडा झाल्यापासून आमचं घर त्यांना आंदण मिळाल्यासारखे ते वागायचे. चपला न काढता माजघरापर्यंत यायचे आणि आल्या आल्या चहात आलं कमी पडलंय हे सांगायचे. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. उन्हाळा असो, पावसाळा असो, अंगात काळा कोट. ना वकील, ना स्टेशनमास्तर, तरी काळा कोट. कपाटापासून कवळीपर्यंत त्यांना सगळं चकचकीत लागायचं. कवळी त्यांची स्वतःची, आणि ती पुढं या गोष्टीत येणार आहे.

"माल कसा पाहिजे," असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, "हात फिरवला की आपलं तोंड दिसलं पाहिजे." स्वतःचं तोंड बघायची एवढी हौस असलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

त्यांच्या मागं अरविंद उभा होता, हातात ब्रश धरून. हा माझा होणारा नवरा. पत्रिका वाटायला तासगावात आला होता. बी.एस्सी. झालेला, साखर कारखान्यात केमिस्ट, उंच, गोरा, आणि मामांना शिंक आली की खिशातून रुमाल काढणारा. मी त्याच्याकडे बघितलं. तो ब्रशाकडे बघत राहिला.

लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि मी रुखवताचं काम संपवत होते. त्या काळी आमच्याकडच्या रुखवतात ठरलेल्या वस्तू असायच्या. मोत्यांचा पोपट, लोकरीचं कुत्रं, बिस्किटांचा बंगला, आणि या सगळ्यावर एकच थाप, "मुलीनं स्वतः केलंय हो." पोपट मावशीनं केलेला, कुत्रं शेजारणीनं, बंगला बेकरीवाल्यानं. सगळ्या बायकांना ठाऊक असायचं आणि सगळ्या माना डोलवायच्या. मला त्या थापेची शिसारी होती. मी ठरवलं, आपण खरंच काहीतरी करायचं. एका फळीवर मी आमचा पुढचा सोपा मांडला. सतरंजी, तक्क्या, भिंतीवरचं घड्याळ, पोह्यांच्या बशा, आणि मला बघायला आलेली सगळी मंडळी. शाडूच्या त्या बोटभर बाहुल्यांना मी पोस्टर कलरनं रंगवलं होतं, दोनतीन केसांच्या ब्रशानं, श्वास धरून.

मामा गुडघ्यावर हात टेकून वाकले. मग त्यांना ओळख पटली.

"हा मी का?"

मी हो म्हटलं. त्यांचं समाधान झालं. त्यांनी अरविंदला बोलावून दाखवलं, तक्क्याला टेकलेला तो मी, बघ, कोट कसा बरोबर आलाय. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, सगळं छान आहे, पण मेलेलं आहे. चमक कुठाय याला? रांगोळीनं रंगवल्यासारखं दिसतंय. असलं रुखवत आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांपुढं मांडलंत तर आमची काय शोभा राहील? शोभा त्यांची आणि रुखवत माझं. पण हे म्हणायची सोय नव्हती.

आता त्या बघण्याच्या दिवसाचं सांगते, म्हणजे माझ्या अंगाची आग का होत होती ते कळेल.

पोहे झाले, चहा झाला, मला 'स्वयंपाक येतो का' विचारून झालं. मग पानाचं तबक आलं. त्यात आईच्या माहेरचा अडकित्ता होता. पितळेचा, जुना, दोन्ही मुठींवर पोपट कोरलेले, आणि त्यातल्या एका पोपटाची चोच मोडलेली. आई लहानपणी त्यानं चिंचोके फोडायला गेली होती, तेव्हा मोडली. तिची आई गेल्यावर घरच्या वाटणीत तिनं तेवढाच मागून घेतला होता. त्याला धार अशी होती की सुपारी केसासारखी कातरली जायची. मामांना कवळीमुळं जाड सुपारी चावत नसे. त्यांनी एक सुपारी कातरली, बघितली, वा म्हणाले. दुसरी कातरली. मग बाकीची मंडळी घड्याळ कुठल्या कंपनीचं यावर बोलत असताना त्यांनी अडकित्ता रुमालात घेतला आणि रुमाल कोटाच्या खिशात घातला. इतक्या सहज, की मला वाटलं मीच चुकीचं पाहिलं. पण माजघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन हौसाबाई उभी होती. तिनंही ते पाहिलं, आणि मग आमची एकमेकींशी नजरानजर झाली.

पाहुणे गेल्यावर मी पहिलं काम केलं ते अप्पांना सांगायचं. अप्पा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. साहेबाच्या फायलीत माशी चिरडली तर माशीच्या घरी दुखवट्याचं पत्र धाडतील, असा स्वभाव. त्यांनी आधी दार लावलं. मग मला म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कुमुद. पंचवीस रुपड्यांच्या पितळेपायी चालून आलेलं स्थळ मोडायचं? आणि आईला यातलं अक्षर कळता कामा नये. तिला दम नाही निघायचा."

आईला ते कळलं नाही, पण अडकित्ता गेल्याचं कळलं. तिनं सगळं घर पालथं घातलं. मग घरात बाहेरचं कोण येतं याचा विचार केला, आणि घरात बाहेरचं एकच माणूस येत होतं. हौसाबाईला तिनं विचारलं. हौसाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अप्पांकडं. मी तोंड उघडलं, तर अप्पाच मोठ्यांदा म्हणाले, जाऊ दे, जाऊ दे, झालं ते झालं, आता विषय नको. म्हणजे हौसाबाईवर शिक्काच मारला त्यांनी.  हौसाबाईनं हात पुसले आणि ती निघून गेली. आठवडाभरात गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही तिला नको म्हणून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आमच्या आळीत खबर पोचवायला पोस्ट लागत नसे.

मी पुन्हा दोनदा अप्पांशी भांडले. दुसऱ्या वेळी त्यांनी आईच्या ब्लडप्रेशरची शपथ घातली. मग मी बोलायचं सोडलं आणि शाडू भिजवला.

तर मामा वार्निश लावायचं म्हणत होते. दाराखिडक्यांना लावतात ते, दुकानातलं. मी सरळ नको म्हटलं.

"वार्निश लागलं की रंग ओला दिसायला लागतो, मामा," मी म्हटलं. "नदीतला खडा पाण्यात असतो तेव्हा कसा दिसतो, आणि वाळल्यावर कसा दिसतो? आत्ता कोरडं आहे म्हणून काळा, करडा, तपकिरी सगळं एकसारखं पिठूळ दिसतंय. वार्निशाखाली प्रत्येक रंग आपापला वर येईल. आत्ता जे दिसत नाही तेही दिसायला लागेल."

"मग दिसू दे की," मामा म्हणाले. "दिसावं म्हणूनच लावायचं असतं ते."

मी अरविंदकडं बघितलं. केमिस्ट होता, त्याला तरी माझं म्हणणं कळलं असणार. त्यानं घसा खाकरला, डब्यावरचं नाव वाचलं, आणि डब्याचं झाकण उघडून मामांच्या हातात दिलं. एवढ्यात बोलणं ऐकून अप्पाही आले. मामा म्हणतायत तर लावू दे, त्यांच्याएवढं आपल्याला कळतं का पॉलिशमधलं, असं म्हणून त्यांनी स्वतः खाली वर्तमानपत्र अंथरलं. मला तिघांचीही किळस आली. आणि खरं सांगते, त्याच वेळी आतल्या आत हसूही फुटलं. मी हात धुतले आणि बाजूला झाले. म्हटलं, लावा. मी सांगायचं ते सांगितलंय.

मामांनी स्वतःच्या हातानं वार्निश लावलं. माणूस कितीही भिकार असो, त्याचा हात तयार होता हे मी नाकारत नाही. ब्रश अर्धाच बुडवायचा, डब्याच्या कडेला निथळायचा, एकाच दिशेनं न्यायचा. थेंब कुठं साचला की टोकानं टिपून घ्यायचा. आधी सतरंजी, मग बशा, मग बायका. माझी बाहुली त्यांनी एका फटक्यात उरकली. हौसाबाई कुठली कोण, तिच्यावर ब्रश नुसता फिरवला. स्वतःला मात्र त्यांनी शेवटी घेतलं, जेवणातलं गोड शेवटी ठेवावं तसं. कोटाला एक हात दिला आणि म्हणाले, याला दुसरा हात लागणार, कोट उठून दिसला पाहिजे. संध्याकाळी पुन्हा आले आणि कोटाला दुसरा हात देऊन गेले. ओल्या वार्निशावर कंदिलाच्या काचेसारखी झगझग असते, त्यात बारीक काही दिसत नाही. आणि चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो, अशी मामांची समजूत होती.

वार्निश वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा फळीवरची धूळ फुंकायला म्हणून वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पोस्टर कलरचा काळा रंग वाळला की पाटीसारखा दिसतो. त्यावर मी गडद तपकिरी लावला होता, कणभर पिवळा घालून. कोरडं असताना ती खिशाची चुणी वाटायची. मी ते कुणाला दिसावं म्हणून रंगवलं नव्हतं. ते रंगवल्याशिवाय माझा हात पुढं जाईना, म्हणून रंगवलं होतं. आता मामांच्या दोन हातांखाली कोट शाईसारखा काळा झाला होता, आणि त्याच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला अडकित्ता जुन्या पितळेचाच दिसत होता. दोन पोपट. एकाची चोच मोडलेली. पलीकडं दारात हौसाबाई, तांब्या हातात, आणि तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अगदी कोपऱ्यात, खिशाकडं वळलेल्या.

 काळा रंग आण, अप्पा म्हणाले, आत्ताच्या आत्ता फासून टाक. मी रंग दिला, ब्रशही दिला.

"वार्निशावर पाण्याचा रंग बसत नाही, अप्पा."

त्यांना पटेना. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि खिशावर काळा ठिपका ठेवला. तो अळूच्या पानावर पाणी ठरावं तसा थेंब होऊन घरंगळला. दुसरा ठेवला, तोही कोटावरून खाली सतरंजीवर आला. फडक्यानं पुसला तर अडकित्ता आणखीच चकाकला. वार्निश उत्तमच होतं. मी भिंतीला टेकून बघत होते. उभ्या आयुष्यात साहेबांच्या पुढं 'होय' म्हणण्यापलीकडं ज्यानं बंड केलं नाही, तो माणूस एका पितळी पोपटाशी झुंजत होता आणि हरत होता.

मग त्यांनी ठरवलं, फळी घरीच ठेवायची. बाकी रुखवत न्यायचं, हे नाही. पण मामांनी तोवर अर्ध्या तासगावला सांगून ठेवलं होतं, रुखवत बघायला या, काम सूनबाईचं पण शान आमची. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांचाच टेम्पो दारात उभा राहिला. अप्पा "ती राहू दे, तिला जागा नाही पुरणार" असं काहीतरी पुटपुटत होते, तोवर मामांनी फळी फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा जपून नेतात, हे मी तेव्हा पाहिलं.

मंगल कार्यालयात मला सजवायला बसवलेली खोली रुखवताच्या लांब टेबलाला लागूनच होती. दार उघडं होतं. मामांनी मोत्यांच्या पोपटाला बाजूला सारून फळी मधोमध मांडली, वरचा दिवा लावायला लावला, आणि येणाऱ्या बायकांना दुरून सांगत राहिले, वार्निश माझं हं. बायका येत होत्या, बंगल्याला आणि कुत्र्याला मान देत होत्या, फळीपाशी थांबून यातलं कोण कोण ओळखू येतं ते बघत होत्या. अरविंदची आई स्वतःचं नाक जरा मोठं झालंय म्हणून नाराज झाली. तेवढ्यात लीलामामी आल्या.

लीलामामी म्हणजे शामरावमामांची बायको. कमी बोलणाऱ्या, जाड भिंगांचा चष्मा, नवरा बोलायला लागला की जमिनीकडं बघणाऱ्या. त्या फळीवर इतक्या वाकल्या की त्यांचा पदर पोह्यांच्या बशांवर आला. बराच वेळ बघितलं. मग तोंडभर हसल्या आणि मला हाक मारली.

"कुमुद, इकडं ये गं. किती हुबेहूब केलंयस! हा आमच्या पानाच्या डब्यातलाच अडकित्ता की. चोच मोडलेली पण तशीच. तू आमच्याकडं कधी आली होतीस?"

मी शालू सावरत दारात आले. टेबलाभोवतीच्या बायका आधी मामींकडं, मग फळीकडं, मग सगळ्या मिळून मामांकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "मी तुमच्याकडं आले नाही, मामी. तो आमच्याकडचाच आहे. माझ्या आईच्या माहेरचा."

मामींचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्या हळू म्हणाल्या, "मला म्हणाले, कोल्हापुरात जुन्या बाजारात घेतला."

त्या भोळ्या म्हणून बोलल्या की इतक्या वर्षांचं काही साठलेलं होतं म्हणून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

मामांनी आधी हसून बघितलं. म्हणाले, अडकित्ते काय, सगळे सारखेच असतात. बायका हसल्या नाहीत, तेव्हा म्हणाले, चुकून खिशात राहिला असेल, एवढ्या तेवढ्या गोष्टीचं काय. आणि तरीही कुणाची नजर हटेना, तेव्हा आवाज चढवून म्हणाले की लग्नाच्या दिवशी वरपक्षाचा अपमान करायला हे ठरवून केलेलं कारस्थान आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तोवर नुसत्या ऐकल्या होत्या. मी एवढंच सांगितलं की मी नको म्हणत होते मामा, दुसरा हात पण तुम्हीच दिलात.

आई गर्दीतून पुढं आली होती. तिनं फळी पाहिली. मामांकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. दारात उभी असलेली ती तांब्यावाली बाहुली तिनं बोटाच्या टोकानं हलकेच शिवली, आणि अप्पांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

अप्पांनी बुटांकडं बघितलं. नवे होते, लग्नासाठी घेतलेले.

आईनं पायात चपला घातल्या आणि अंगावरच्या जरीच्या लुगड्यानिशी, भर दुपारी, कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडली. ओढ्याकाठच्या, हौसाबाईच्या वस्तीकडं जाणारा रस्ता खिडकीतून दिसायचा. त्या रस्त्यानं ती एकटी चालत गेली. वधूची आई मुहूर्ताच्या तोंडावर कुठं निघाली, म्हणून लोक वळून बघत होते.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की अडकित्ता इथं यायला हवा, मामांच्या हातानं, आणि हौसाबाईच्या हातात जायला हवा. त्याशिवाय मी बाहेर येणार नाही.  अरविंदची आई कपाळाला हात लावून बसली. भटजी घड्याळ दाखवायला लागले. अप्पा माझ्या पाया पडायच्या बेतात होते. मी मनाशी म्हटलं, मोडलं लग्न. मोडू दे. असल्या घरात जाण्यापेक्षा गावात नाक कापलेलं बरं.

तेव्हा अरविंद आला. मुंडावळ्या बांधलेला, हातात कुणीतरी दिलेला नारळ. त्यानं फळी बघितली. पहिल्यांदाच नीट बघितली असावी. मी वाट बघत होते, आता हा रुमाल काढणार.

"मामा, स्कूटर घ्या आणि घेऊन या," तो म्हणाला. "तोवर मी पाटावर उभा राहणार नाही."

मामा म्हणाले, अरे, तुझ्या लग्नासाठी मी एवढं केलं. अरविंद म्हणाला, "तेही कळतंय मला." आणि नारळ टेबलावर ठेवून खुर्चीत बसला. पुढच्या संसारात मी त्याला बावळट म्हणून पुष्कळ वेळा बोलले, पण त्या वाक्यापाशी मला दरवेळी थांबावं लागलं.

मामा गेले आणि आले. तोवर आईही आली, आणि तिच्याबरोबर हौसाबाई. धुतलेलं लुगडं, ओले केस, तोंडावर राग नाही की आनंद नाही. आईनं तिला खुर्ची दिली. बायकांनी वाट करून दिली. यातल्या निम्म्या बायकांनी तिला आपल्या घरचं काम बंद म्हणून सांगितलं होतं. त्या आता पदर चाळवत भिंतीला लागल्या होत्या. मामांनी रुमालात गुंडाळलेला अडकित्ता तिच्यापुढं धरला. तोंडानं काहीतरी म्हणाले, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

हौसाबाईनं तो घेतला, उलटापालटा केला, मोडक्या चोचीवरून अंगठा फिरवला. मग फळी बघितली. स्वतःला ओळखलं. दारातल्या बाहुलीकडं बघून फक्त मान हलवली, बरोबर आहे म्हणून. आई म्हणाली, हौसाबाई, उद्यापासून ये. त्यावर ती म्हणाली, "नगं, वैनी. मी आता भाजी घिऊन बसती. बरं हाय ते."

मग तिनं पानाचं तबक जवळ ओढलं. पान घेतलं, चुना लावला, कात लावला, घाई न करता. सुपारी घेतली आणि अडकित्त्यात धरून एकदाच दाबली. सुपारीचे दोन तुकडे झाले. त्यातला अख्खा एक तुकडा तिनं पानात ठेवला, विडा बांधला आणि मामांपुढं धरला.

"घ्या सायेब. त्या दिशी घाईनं उठलासा. तुमची सुपारी ऱ्हायली."

मामांनी आजूबाजूला बघितलं. सगळं रुखवत बघत होतं. त्यांनी विडा घेतला आणि तोंडात घातला. न घेऊन सांगतात कुणाला.

पुढं मंगलाष्टकं झाली. वराच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, ते उभे राहिले. अर्धी सुपारी, न कातरलेली, आणि तोंडात कवळी. चावता येईना, गिळता येईना, भरल्या मांडवात थुंकताही येईना. ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ निघाला की ते रुमाल लावायचे. तो रुमालही तोच होता. भटजींचा गळा चांगला होता आणि त्या दिवशी त्यांनी एकही कडवं गाळलं नाही.

ती फळी आता आमच्या शोकेसमध्ये आहे. इतक्या वर्षांत वार्निश जरा पिवळं पडलंय, पण कुठं तडा नाही, कुठं पापुद्रा नाही. मामा होते तोवर दर दिवाळीला यायचे आणि तिच्याकडं पाठ करून बसायचे. शोकेसच्या वर लग्नातला फोटो लावलाय. त्यात मामांचा एक गाल फुगलेला आहे, आणि पुढच्या खुर्च्यांवर, आईच्या शेजारी, मांडीवर अडकित्ता घेऊन हौसाबाई बसलेली आहे.